रविवारच्या संध्याकाळपासूनच जड होणारा सोमवार

प्रश्न : पूर्वेचा डोंबिवलीकर

नमस्कार. मी डोंबिवली पूर्वेला राहतो आणि लोअर परळ येथील एका कार्यालयात लेखा विभागात काम करतो. नोकरीविषयी माझी मोठी तक्रार नाही. पगार वेळेवर होतो, वरिष्ठ समजूतदार आहेत, आणि एकदा काम हातात घेतले की मी त्यात रमतोही. तरीही रविवारी दुपारची झोप आटोपून चहा घेतला की मनावर मळभ येऊ लागते. मुलगी वहीत काढलेले चित्र दाखवायला येते तेव्हा मी निम्मा तिच्यापाशी आणि निम्मा दुसऱ्या दिवशीच्या साडेदहाच्या आढावा बैठकीत असतो. कपड्यांना इस्त्री झालेली असते, डब्याची भाजी ठरलेली असते, म्हणजे काळजी करण्यासारखे काही उरलेले नसते. पण रात्री झोप मात्र उशिरा लागते आणि सोमवारी सकाळी फलाटावर उभे राहताना अंग आंबलेले असते.

विशेष म्हणजे सोमवारी दुपारच्या जेवणापर्यंत हे सारे ओसरून जाते. बैठक होते, कामे वाटून दिली जातात, कोणीतरी विनोद करतो आणि दिवस इतर दिवसांसारखाच पार पडतो. हे दर आठवड्याला अनुभवूनही पुढच्या रविवारी मन तेच करते. पत्नीचे म्हणणे असे की मी सुट्टीचा एक पंचमांश भाग घाबरण्यात घालवतो, आणि हिशेबाच्या माणसाला हे शोभत नाही.

आठवड्याच्या आरंभाकडे अधिक प्रसन्नपणे पाहण्याचा मार्ग कोणाला प्रत्यक्ष सापडला असेल तर कृपया सविस्तर लिहावे. सुविचार नकोत, ही विनंती. ते आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दर सोमवारी उगवत्या सूर्याच्या चित्रासह येतात आणि त्यांचा माझ्यावर उलटा परिणाम होतो.

प्रतिसाद : रात्रपाळी

मी महापालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमची साप्ताहिक सुट्टी ड्युटी लिस्टप्रमाणे बदलत असते, त्यामुळे सोमवारविषयी वेगळी भीती बाळगण्याची चैन आम्हाला परवडत नाही. कामाच्या दृष्टीने पाहिले तर सोमवार खरोखरच जड असतो. रविवारी ओपीडी बंद असल्यामुळे दोन दिवसांचे रुग्ण एकाच सकाळी येतात आणि केसपेपरच्या खिडकीपासूनची रांग दाराबाहेर जाते. मात्र माझी सुट्टी गुरुवारी असली, की आपण वर्णन केलेले मळभ मला बरोबर गुरुवारी संध्याकाळी येते, आणि सोमवारी मी निवांतपणे ड्युटीवर जाते. या शहरात सोमवार ज्यांच्या सुट्टीचा दिवस असतो अशी माणसेही पुष्कळ आहेत. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, अनेक सलूनही बंद असतात. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारले तर ते मंगळवारविषयी कुरकुर करतील असा माझा अंदाज आहे. तेव्हा त्या बिचाऱ्या वाराला दोष देण्यात अर्थ नाही. सुट्टीवरून परत येणे हेच अवघड आहे, मग तो कोणताही वार असो.

परत येणे आमच्याकडे सोपे होते ते हँडओव्हरमुळे. पाळी बदलताना आधीची परिचारिका प्रत्येक खाटेपाशी घेऊन जाते आणि कोणाचे काय झाले, कोणते औषध कधी द्यायचे आहे, कोणाचा रिपोर्ट यायचा आहे हे सांगते. त्या वेळी मला स्वतःहून काही आठवावे लागत नाही आणि कोठून सुरुवात करावी हा प्रश्नही पडत नाही; फिरत फिरत मी कामात शिरलेली असते. कार्यालयात काम करणाऱ्या माणसाला असा हँडओव्हर कोणी देत नाही. शुक्रवारी घरी गेलेला आणि सोमवारी परत आलेला माणूस एकच असतो, त्यामुळे त्याला सगळे आठवत असेल असे गृहीत धरले जाते. आपण शुक्रवारी निघण्यापूर्वी स्वतःलाच तो देऊन पाहावा.

प्रतिसाद : ठाणेकरीण

मी मनुष्यबळ विभागात काम करते आणि वर रात्रपाळी यांनी जे लिहिले आहे त्याला चांगला आधार आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की अपुरे राहिलेले काम दुसरे काही करत असतानाही मनात डोकावत राहते आणि लक्ष विचलित करते. परंतु ते काम केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी योजना आखली, की काम तसेच अपुरे असतानाही हे डोकावणे बरेच कमी होते. आपली मुलगी चित्र दाखवत असताना बैठक मध्येच येऊन उभी राहते, त्याचे कारण बहुधा हेच असावे. त्यामुळे शुक्रवारचा शेवटचा अर्धा तास नव्या कामाला देऊ नये. एका कागदावर कोणते काम कोठे थांबले आहे, कोणाच्या उत्तराची वाट पाहायची आहे आणि सोमवारी खुर्चीत बसल्यावर सर्वांत आधी कोणती फाईल उघडायची आहे हे लिहावे. हे शेवटचे वाक्य जितके क्षुल्लक असेल तितके चांगले. ‘जीएसटीचा ताळमेळ पूर्ण करणे’ असे लिहिले तर रविवारी त्याचेच ओझे वाटेल. ‘ऑगस्टची खरेदी नोंदवही उघडून ज्या बिलापाशी खूण केली आहे तेथून पुढे जाणे’ असे लिहिले तर मनाला धरून बसण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सोशल जेटलॅग’ ही संकल्पना मांडली. शरीराचे घड्याळ आणि कामाचे घड्याळ यांच्यातील हा फरक मोजताना कामाच्या रात्रीच्या झोपेचा मध्यबिंदू आणि सुट्टीच्या रात्रीच्या झोपेचा मध्यबिंदू यांची तुलना करतात. समजा, आपण एरवी अकराला झोपून साडेपाचला उठता, तर मध्यबिंदू सव्वादोनचा झाला. शनिवारी रात्री दीडला झोपून रविवारी नऊला उठलात तर तो सव्वापाचवर जातो, म्हणजे तीन तासांचा फरक पडतो. मुंबई आणि दुबई यांच्या घड्याळांत दीड तासाचेच अंतर आहे. आपण दर आठवड्याला विमानात न बसता त्याच्या दुप्पट लांब जाऊन येता आणि सोमवारी सकाळी साडेपाचला शरीराने मुंबईत हजर राहावे अशी अपेक्षा करता. त्यात रविवारची लांबलेली दुपारची झोप आली, म्हणजे रात्री झोप लागण्यासाठी शरीरात जो थकवा साठावा लागतो तोही उरत नाही. सोमवारचे आंबलेले अंग हा मनाचा दोष नसून बराचसा घड्याळाचा आहे, असे मला वाटते. रविवारी रोजच्यापेक्षा तासभर उशिरा उठावे, पण त्याहून अधिक नको, आणि दुपारी आडवे व्हायचेच असेल तर गजर लावून. हा उपाय रुक्ष आहे खरा, पण तीन-चार आठवडे नेटाने करून पाहिल्यावरच त्याच्याविषयी मत बनवावे.

सोमवार सर्वांत वाईट असतो हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे ३,४०,००० लोकांच्या मुलाखतींच्या आधारे २०१२ मध्ये दाखवले की लोकांची मनःस्थिती शनिवार-रविवारी अधिक चांगली असते आणि शुक्रवारीही थोडी उजवी असते, पण सोमवार, मंगळवार, बुधवार आणि गुरुवार यांच्यात म्हणण्यासारखा फरक नसतो. उलट डाय, मिल्कमन आणि रीस यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या आरंभी लोक नवे संकल्प करण्याकडे अधिक झुकतात आणि व्यायामशाळेतील हजेरीही आठवड्याच्या सुरुवातीला वाढलेली दिसते. हे अभ्यास डोंबिवलीच्या फलाटावर झालेले नाहीत, हे मान्य. तरीही रखडलेले एखादे काम सुरू करायला सोमवार वापरून पाहायला हरकत नसावी.

आणि बैठक साडेदहालाच का? आपले वरिष्ठ समजूतदार आहेत असे आपण म्हणता. ती दुपारी तीनला किंवा मंगळवारी घेता येईल का, हे त्यांना विचारून पाहावे. आमच्याकडे अशी विनंती कोणी केली की वरिष्ठांनाही हायसे वाटते, कारण त्या बैठकीची तयारी त्यांनाही रविवारीच करावी लागते.

प्रतिसाद : लालबागचा जुना रहिवासी

वरील प्रतिसाद उपयुक्त आहेत. मी थोडे मागे जाऊन लिहितो, कारण दृष्टीविषयी विचारले आहे आणि ही दृष्टी मला आमच्या गिरणगावानेच दिली.

रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना कोणी आपण होऊन दिलेली नाही. मांडवीच्या गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेले नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा झाली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या आज वाचल्या तर संकोच वाटतो, इतक्या त्या साध्या आहेत. दर रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा आणि कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद आली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा मुद्दा लोखंडे यांनी सुट्टीच्या मागणीसाठी पुढे केला होता असेही सांगितले जाते.

त्याआधी कामगाराला सोमवार नव्हताच, कारण रविवार नव्हता. सणवार किंवा यंत्रांची साफसफाई असेल तेव्हा गिरणी बंद, एरवी दिवसामागून दिवस तसेच जात असत. आठवड्याला आरंभ असणे हीच मुळात मिळवलेली गोष्ट आहे, आणि हे कळल्यापासून मला सोमवारचा राग येईनासा झाला. या माहितीने आपली साडेदहाची बैठक गोड होईल असा माझा दावा नाही. मात्र रविवारची संध्याकाळ सोमवारच्या तयारीला देऊन टाकणे मला तेव्हापासून अस्वस्थ करते. ती ज्यांनी मिळवून दिली त्यांना ते आवडले नसते.

प्रतिसाद : महिला डबा

मी बदलापूरहून प्रवास करते. इतिहास आणि संशोधन यांच्याविषयी मला लिहिता येणार नाही, पण आमच्या डब्यातील एक प्रथा सांगते. आमच्या गाडीतल्या ग्रुपमध्ये दर सोमवारी एकीने सर्वांसाठी नाश्ता आणायचा असतो. कोणाची पाळी आहे हे गटावर आधीच ठरते आणि रविवारी संध्याकाळी ‘उद्या काय आणतेस’ अशी विचारणा सुरू होते. कधी तिखटमिठाचा सांजा असतो, कधी आंबोळी आणि चटणी. श्रावणात निम्म्याजणींचा सोमवारचा उपवास असल्यामुळे साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी असते. त्या महिन्यात ज्यांचा उपवास नसतो त्याही उपवासाचेच खातात आणि त्याबद्दल टोमणेही खातात. शेजारच्या डब्यात टाळ आणि भजन चाललेले असते. एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो, तो असा की ठाणे येईपर्यंत ऑफिसचा विषय काढायचा नाही. एखादीने काढलाच तर पुढच्या सोमवारचा नाश्ता तिच्याकडे.

यामुळे काम कमी होत नाही, पण रविवारी रात्री सोमवारविषयी मनात येणारी पहिली गोष्ट ऑफिस नसते. आमची गाडी बदलापूरहूनच सुटते, त्यामुळे आम्हाला बसायला मिळते आणि म्हणून हे जमते. डोंबिवलीला चढणाऱ्या माणसाला त्या वेळी दोन्ही पाय टेकवायला जागा मिळाली तरी पुष्कळ, हे मला ठाऊक आहे. आपण गाडीऐवजी कार्यालयात चार-पाच सहकाऱ्यांमध्ये अशी पाळी लावून पाहावी. बैठकीच्या आधी पंधरा मिनिटे एकत्र खाल्ले की बैठकीतील माणसे आधी माणसे म्हणून भेटलेली असतात.

प्रतिसाद : टपाल शाखा

सर्वांचा उत्साह पाहून थोडे सावधपणे लिहावेसे वाटते. मी राज्य शासनाच्या सेवेत आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून आम्हाला पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्यापूर्वी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असे. आता सर्व शनिवार मोकळे झाले आणि त्या बदल्यात कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. दोन दिवस मिळाले म्हणजे सोमवार हलका होईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझ्या टेबलावर सोमवारी टपालाचा गठ्ठा पूर्वीपेक्षा मोठा असतो आणि जिना चढताना पाऊलही पूर्वीपेक्षा जडच पडते. शनिवार घरच्या कामांना, बँकेला आणि दुरुस्त्यांना देऊन रविवार पूर्ण मोकळा ठेवणाऱ्या सहकाऱ्यांना मात्र त्याचा खरा लाभ झालेला दिसतो.

सावधपणा यासाठी की प्रश्नकर्त्यांचे मळभ सोमवारी दुपारी विरते. ज्यांचे बुधवारीही विरत नाही, ज्यांना कार्यालयाच्या दारापाशी छातीत धडधडते, ज्यांचा वरिष्ठ चारचौघांत अपमान करतो, अशा माणसांना ‘दृष्टी बदला’ असे सांगणे मला योग्य वाटत नाही. त्यांनी खाते बदलण्याचा किंवा नोकरी बदलण्याचा विचार करावा आणि झोप, भूक यांवर परिणाम झाला असेल तर तज्ज्ञांशी बोलावे. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. प्रश्नकर्त्यांना तिची गरज आहे असे मी म्हणत नाही, परंतु हा धागा इतरही लोक वाचत असतील.

प्रतिसाद : पूर्वेचा डोंबिवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. टपाल शाखा यांनी केलेला भेद मला महत्त्वाचा वाटला. माझे प्रकरण तसे नाही, हे स्पष्ट झाल्यानेच बरे वाटले. शुक्रवारचा कागद मी या आठवड्यापासून लिहीन. खरेदी नोंदवहीचे उदाहरण इतके अचूक होते की ठाणेकरीण माझ्याच कार्यालयात तर नाहीत ना, अशी शंका आली. बैठकीविषयी वरिष्ठांशी बोलेन. महिनाअखेरीच्या आठवड्यात ती सकाळीच ठेवावी लागेल, पण इतर वेळी ती पुढे ढकलता येण्यासारखी आहे. झोपेच्या हिशेबाने मात्र मी वरमलो. पत्नीने तो प्रतिसाद दोनदा वाचून दाखवला.

एक प्रश्न उरतो. दुपारची झोप आटोपती घेतली तर रविवारची संध्याकाळ आणखी लांबेल, आणि पाच ते आठ हाच माझा कठीण काळ आहे. दूरचे काही ठरवावे तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल गाड्यांची कपात, असतो. दादरला नातेवाइकांकडे जायचे म्हटले तरी गाड्यांचे वेळापत्रक पाहूनच उत्साह मावळतो. घरात राहिलो तर मोबाइलवर कार्यालयाची ईमेल उघडली जाते. या तीन तासांचे काय करावे?

प्रतिसाद : लालबागचा जुना रहिवासी

आपण डोंबिवलीत राहता आणि हे विचारता, याचे मला नवल वाटते. सावित्रीबाई फुले नाट्यगृह आपल्या गावातच आहे आणि त्यासाठी लोकल पकडावी लागत नाही, म्हणजे मेगाब्लॉकचा प्रश्न मिटला. पलीकडे कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. रविवारी बहुधा दुपारी किंवा संध्याकाळी प्रयोग असतो. वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिराती शनिवारीच पाहून ठेवाव्यात. नाट्यगृहात मोबाइल बंद ठेवण्याची सूचना होते, तेव्हा ईमेलचा बंदोबस्त आपोआप होईल. संध्याकाळी साडेचार-पाचचा प्रयोग मिळाला तर मध्यंतरातला बटाटेवडा धरून आठच्या सुमारास आपण घरी असाल, आणि जेवताना घरात नाटकाविषयी वाद चालू असेल.

दर रविवारी तिकिटे काढणे खर्चाचे आहे, याची कल्पना आहे. महिन्यातून एकदा नाटक पाहावे. उरलेल्या रविवारी पाच वाजता मुलीला घेऊन बाहेर पडावे आणि कोठे जायचे हे तिला ठरवू द्यावे. फोन घरी पत्नीपाशी ठेवावा. तिला हिशेब आपल्यापेक्षा चांगला कळतो, असे आपल्याच लिहिण्यावरून दिसते.